असीरगडचे शेत आणि आमची समई

मार्च २०२५ मधली गोष्ट. दुपारच्या चहाच्या वेळी आमच्या सेक्शनमधल्या एकाने मोबाईल सगळ्यांपुढे फिरवला. काळोखी रात्र, मोकळे शेत आणि त्यात बॅटऱ्यांच्या उजेडात माती उकरणारी माणसेच माणसे. कुणाकडे कुदळ, कुणाकडे चाळण, काहींकडे तर धातू शोधायचे यंत्र. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडच्या पायथ्याशी हे चालले होते. महामार्गाच्या कामाची माती एका शेतात आणून टाकली, तिच्यात मजुरांना मोगलांच्या वेळची नाणी मिळाली, अशी वार्ता पसरलेली. त्यात १४ फेब्रुवारीला 'छावा' सिनेमा लागलेला आणि त्यात बऱ्हाणपूर म्हणजे मोगलांचा खजिना. मग काय, रात्र पडली की गाव शेतात!

चहाच्या टेबलावर हसून पुरेवाट झाली. "सिनेमा बघून कोण शेत खणतो रे?" मीही हसलो. शिवाय मनात म्हटले, संभाजीराजांनी लुटला तो बहादुरपुरा, बऱ्हाणपूर शहराच्या तटाबाहेरचा. आणि हे खणतात वीसेक किलोमीटरवरच्या असीरगडला. म्हणजे पत्ताही चुकलेला. पण संध्याकाळी घरी जाताना ते हसू टिकले नाही. का, ते थोडे लांबून सांगावे लागेल.

१९९८ साली माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले. आजीच्या पेटाऱ्यात तांबड्या फडक्यात बांधलेली चांदीच्या नाण्यांची पुरचुंडी होती. बहुतेक पोर्तुगीज राजा लुईसच्या १८८१ आणि १८८२ सालच्या रुपिया, थोडे व्हिक्टोरिया राणीचे रुपये. एकेक नाणे तोळ्याचे. ती मोडून बहिणीला समई करायची ठरली. मी तेव्हा कॉलेजात, बी. ए. करत होतो. पुरचुंडी सायकलच्या हँडलला अडकवून शेटांच्या पेढीवर घेऊन गेलो. मोजताना त्यात एक नाणे निराळे निघाले. जाड, कडा वेड्यावाकड्या, दोन्ही बाजूंना फारशी अक्षरे. शेटांना विचारले, तर ते म्हणाले, "मोगलाई आहे बाबा. हिची चांदी चोख." एवढे बोलून त्यांनी ते बाकीच्यांबरोबर मुशीत टाकले. मी बघत राहिलो. पाच मिनिटांत लुईस, व्हिक्टोरिया आणि तो अनोळखी बादशहा एकमेकांत मिसळून गेले.

शेटांचे काही चुकले नाही. त्यांना चांदी दिसली, आणि चांदी होतीच. स्टर्लिंग म्हणून जिचा बोलबाला ती चांदी हजारात ९२५ भाग शुद्ध. मोगल रुपया साधारणपणे त्याहूनही सरस. पण पुढे वाचनात आले की मोगल नाण्यावर बादशहाच्या नावाबरोबर टांकसाळीचे नाव असते, सालही असते. म्हणजे ते नाणे कुठे आणि कधी पाडले हे त्याच्या पाठीवरच लिहिलेले होते. सुरतेचे होते की औरंगाबादचे, आमच्या घरात कुणाच्या हातून आले, व्यापारात की लष्कराबरोबर, हे आता कळायचा मार्ग नाही. ही रुखरुख आजही जात नाही.

तीच घेऊन २०१८ च्या डिसेंबरात मी बऱ्हाणपूरला गेलो. निमित्त भुसावळच्या साडूकडच्या मुंजीचे. तिथून बऱ्हाणपूर रेल्वेने तासाभराचे अंतर. शहरात शिरताच यंत्रमागांची खडखड कानी पडते. बाजारात हिंदी बोलता बोलता माणसे सहज मराठीवर येतात. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतातलाही शिलालेख आहे, फारुकी सुलतानाने बसवलेला. तापीपलीकडे आहुखान्यात मुमताज महल पहिल्यांदा पुरली गेली, १६३१ साली, ताजमहाल नंतरचा. रिक्षावाल्याने हे सगळे दाखवले आणि उतरताना हसत म्हणाला, "साहब, यहाँ की जमीन में पैसा है." मावा जिलेबी खाऊन मी सराफ्यात गेलो. एका दुकानात काचेच्या बरणीत जुने रुपये भरून ठेवले होते, आपल्याकडे फेणीच्या दुकानात काजू ठेवतात तसे. भाव वजनावर, वर थोडेसे 'पुराने का'. कुठे मिळाले विचारले तर दुकानदार म्हणाला, "आते रहते हैं." मी घेतले नाही. सरकारी नोकर माणूस, पावती कसली मिळणार, हा पहिला विचार. भित्रेपणाच म्हणा.

रिक्षावाल्याचे बोलणे खोटे नव्हते. बऱ्हाणपूर हे दक्खनचे दार. अकबराने १६०१ च्या जानेवारीत असीरगड घेतला आणि त्या आनंदात ससाण्याचे चित्र असलेली सोन्याची मोहर पाडली. खानदेशाचा सुभा इथून चाले. दक्षिणेतल्या मोहिमांचे लष्कर इथे गोळा होई, त्याचा पगार रुपयांत होई, आणि शहराची स्वतःची टांकसाळ होती. आता गंमत पाहा, हिंदुस्थानात तेव्हा चांदीच्या खाणी जवळजवळ नव्हत्याच. ही सारी चांदी आली समुद्रावरून. दक्षिण अमेरिकेत पोतोसीच्या डोंगरातून स्पॅनिश लोकांनी काढलेली, जहाजांतून सुरतेला उतरलेली, आणि आमच्या मांडवीच्या तोंडातूनही आत आलेली. बंदरावर स्पॅनिश नाणी वितळवायची आणि त्यांचे रुपये पाडायचे. म्हणजे मोगल रुपया स्वतःच कुणाची तरी मोडलेली नाणी! कुणी म्हणेल, मग तुमच्या शेटांनी निराळे काय केले? या प्रश्नाला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणेन की तेव्हाच्या टांकसाळीपुढे स्पॅनिश नाण्यांच्या राशी होत्या. आमच्या पुरचुंडीत ते नाणे एकुलते एक होते.

आणि जमिनीतल्या नाण्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. जमिनीत नाणी आपोआप जात नाहीत. एखाददुसरे खिशातून पडते, पण हंडा पुरावा लागतो. तो पुरणारा माणूस घाईत असतो, घाबरलेला असतो, आणि परत येऊन काढायचा त्याचा बेत असतो. हंडा आज आपल्याला सापडतो याचा अर्थ सहसा एकच, तो माणूस परत आला नाही. त्या हंड्यात सगळ्यांत उशिराचे नाणे कुठल्या सालाचे, यावरून तो कधी पुरला याचा अंदाज जाणकार करतात. पण त्यासाठी हंडा जिथे होता तिथे, होता तसा मिळावा लागतो. शंभर नाण्यांतली वीस एकाने नेली, तीस दुसऱ्याने, उरलेली सराफाच्या बरणीत, की ती साक्ष संपली.

१६८१ च्या जानेवारी अखेरीस संभाजीराजांचे सैन्य बहादुरपुऱ्यावर येऊन पडले. हंबीरराव मोहिते बरोबर होते. तीन दिवस लूट चालली. खाफीखान लिहितो की हल्ला इतका अचानक आला की लोकांना आपले किडुकमिडुकही वाचवता आले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब बऱ्हाणपूरला येऊन दाखल झाला आणि पुन्हा कधी उत्तरेला गेला नाही. आपल्यासाठी हे पराक्रमाचे पान आहे, आणि ते तसे आहेच. राज्याभिषेकाला महिनाही झाला नव्हता आणि राजांनी मोगलांच्या मर्मावर घाव घातला. पण समजा, १६८० सालच्या रुपयावर थांबणारा एखादा हंडा बहादुरपुऱ्याच्या मातीत असेल, तर तो त्या रात्री अंगण उकरणाऱ्या कुणा कापडवाल्याचा असेल. त्याची बाजू सांगायला दुसरे काही उरलेले नाही.

आम्हा गोवेकरांना हे समजायला जड जाऊ नये. १६८३ च्या डिसेंबरात तेच सैन्य बारदेश आणि सासष्टीत आले. ज्याच्या देवळाच्या जागी चर्च उभे होते, त्याला त्यांच्या येण्याने धीर आला असेल. पण भाटात माडाच्या मुळाशी चार दागिने पुरणारेही त्याच गावचे. आमच्या लहानपणी प्रत्येक वाड्यावर एक पुरलेला हंडा असायचा, त्याला राखण असायची, आणि रात्री तिथे दिवा दिसायचा. तो दिवा पाहिलेला माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही.

पुन्हा त्या शेताकडे येऊ. ही माणसे रात्री का खणतात? दिवसा का नाही? कारण त्यांना वाटते की सापडले ते सांगितले तर सरकार नेईल आणि वर पोलीस मागे लागतील. इथे माझ्यातला कारकून जागा होतो. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडले तर कलेक्टरला लेखी कळवायचे: काय, किती, कुठे, कधी. कलेक्टर जाहीर सूचना काढतो. मालक कुणी ठरला नाही, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारला ते ठेवून घ्यायचे असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश मोजायचा. न कळवल्यास वाटा बुडतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. इंग्रजाने केलेला कायदा, पण वाचून पाहिला तर गरिबाला बुडवणारा नाही. संरक्षित किल्ल्याला लागून खणणे हा वेगळा गुन्हा, ते वेगळे. पण शंभरात किती जणांना ठाऊक आहे की या कायद्याने चारातले तीन भाग त्यांचे आहेत? शिक्षेचे कलम तेवढे सगळ्यांना ठाऊक.

अमेरिकेत म्हणे लोक घरातली अडगळ अंगणात मांडून विकतात आणि कुणाला त्यात घबाड मिळते. तिथल्या एका भंगारवाल्याने जुन्या बाजारातून सोन्याचे एक अंडे साधारण चौदा हजार डॉलरना उचलले, वितळवून थोडा नफा काढायचा म्हणून. नफा दिसेना म्हणून ते घरी पडून राहिले. २०१२ साली त्याला शोध लागला की ते रशियाच्या झारसाठी फाबेर्जेने केलेल्या हरवलेल्या अंड्यांपैकी आहे. म्हणजे ते वाचले कशामुळे, तर वितळवणाऱ्यांनी भाव कमी सांगितला म्हणून! असल्या नशिबावर किती विसंबायचे?

इंग्लंडने नशिबावर सोडले नाही. १९९६ साली तिथे नवा कायदा झाला, आणि त्यापाठोपाठ १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंची नोंद घ्यायला जागोजागी माणसे नेमली गेली. शेतात यंत्र फिरवणाऱ्याला ती चोर समजत नाहीत, त्याने आणलेली वस्तू बघतात, जागा लिहून घेतात आणि बहुतेक वेळा वस्तू त्याची त्याला परत देतात. आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या एका शेतात जुन्या काळच्या सोन्याचांदीचा मोठा साठा सापडला. त्याची किंमत बत्तीस लाख पौंडांवर ठरली आणि ती शोधणारा व शेतकरी यांच्यात अर्धी अर्धी वाटली गेली. तिथल्या लोकांनाही पैशाचा मोह आहेच. फक्त खरे सांगून पदरात काही पडते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

असीरगडला शेतात पोलीस धाडण्याऐवजी, किंवा निदान त्यांच्याबरोबर, पुरातत्त्व खात्याचा एक माणूस वजनकाटा आणि पावतीपुस्तक घेऊन टेबल टाकून बसला असता तर? "आणा, दाखवा, कुठे मिळाले सांगा, ही घ्या पावती." निम्म्यांनी आणले नसते. पण निम्म्यांनी आणले असते असे मला वाटते. निदान आज आहे त्याहून ते जास्तच.

हे सगळे मी दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर सांगितले. मोबाईलवाल्याने ऐकून घेतले, मग विचारले, "तुला मिळाले असते तर गेला असतास कलेक्टरकडे?"

"गेलो असतो."

"आणि तुझे तीन भाग हातात कधी पडले असते?"

कायद्यात नुसत्या जाहीर सूचनेलाच चार ते सहा महिने दिलेले आहेत. पुढचे मी सांगितले नाही. माझ्या स्वतःच्या टेबलावर २०२२ ची एक फाईल त्या वेळी होती, आणि ती त्यालाही दिसत होती.

समई बहिणीकडे फोंड्याला आहे. २०२५ च्या चतुर्थीला गेलो तेव्हा गणपतीपुढे तीच पेटवलेली. बहीण म्हणाली, "काळी पडली रे, दांडीही वाकली. चांदी किलोला लाखाच्या वर गेली आहे म्हणतात. मोडून नवी करूया का?"

मी म्हटले, थांब जरा.