मनूच्या ओंजळीतील मासा

आज नारळी पौर्णिमा. कोकणपट्टीतील कोळीवाड्यांत आज नाखवा आपल्या होडीची पूजा करील, घरच्या सुवासिनी नटूनथटून मिरवणुकीत सामील होतील आणि दिवस कलता कलता सोन्याचा नारळ वाजतगाजत समुद्रास अर्पण केला जाईल. याच पौर्णिमेस श्रावणी करून नवे यज्ञोपवीत धारण करावयाचे असते, आणि बहीण भावाच्या मनगटास राखी बांधते ती आजच. ज्यांनी समुद्र कधी डोळ्यांनी पाहिला नाही अशा देशावरच्या घरांतूनही नारळीभाताचा सुवास दरवळतो. वरुणाने आपला पावसाळी कोप आवरावा आणि दर्यावर गेलेला धनी सुखरूप परतावा, एवढेच या पूजेचे मागणे. ते मागताना आपण त्या जलदेवतेच्या पदरात काय घालतो, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शतपथ ब्राह्मणात मनूची कथा आली आहे. प्रातःकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यातून एक इवलासा मासा मनूच्या हाती आला. मोठे मासे लहानांस गिळतात, तेव्हा मी वाढेपर्यंत तू माझा सांभाळ कर, पुढे मी तुला तारीन, असे तो बोलला. मनूने त्यास आधी घटात, मग खळग्यात आणि अखेर समुद्रात सोडले. प्रलयाच्या वेळी त्याच माशाच्या शिंगास मनूची नौका बांधली गेली. पुराणांनी हीच कथा पुढे मत्स्यावतार म्हणून वाढविली. कीर्तनकार तिच्यातून भगवंताचे तारकत्व सांगतात, ते योग्यच आहे. परंतु त्या कथेत रक्षणाची पाळी प्रथम माणसावर येते, माशावर नव्हे, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

त्या इवल्या माशास आज मोठ्या माशाखेरीज आणखी एका गोष्टीचे भय निर्माण झाले आहे. ५ मिलिमीटरपेक्षा लहान अशा प्लास्टिकच्या कणांस व तंतूंस शास्त्रज्ञ सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. हा शब्द सर्वतोमुखी झाला तो इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे. त्यांनी किनाऱ्यावरची वाळू व गाळ तपासलाच. शिवाय १९६० च्या दशकापासून जहाजांमागे ओढलेल्या यंत्रांनी गोळा करून जपून ठेवलेले प्लवकांचे, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे व प्राण्यांचे, जुने नमुनेही पुन्हा उघडून पाहिले. जुन्या दशकांच्या मानाने पुढच्या दशकांच्या नमुन्यांत प्लास्टिकचे तंतू स्पष्टपणे वाढलेले आढळले. एखाद्या घराण्याच्या जुन्या वह्या चाळताना कर्ज कधी व कसे वाढत गेले ते उलगडावे, तसाच हा प्रकार.

आता या कणांनी होते काय? प्राणिप्लवक हे माशांच्या पिल्लांचे अन्न. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश प्रयोगात अशा प्राणिप्लवकांच्या पाण्यात पॉलिस्टायरिनचे सूक्ष्म मणी मिसळले, तेव्हा त्यांच्या पोटात जाणारे खरे पोषण सुमारे ४० टक्क्यांनी घटले आणि त्यांची अंडी लहान होऊन कमी उबू लागली. म्हणजे मृत्यू विषाने नव्हे, तर भरल्या पोटी उपासमारीने. फ्रान्समधील संशोधकांनी कालवांवर केलेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. दोन महिने पॉलिस्टायरिनच्या कणांत वाढलेल्या कालवांची अंडी संख्येने ३८ टक्के कमी भरली आणि त्यांपासून झालेली पिल्ले ४१ टक्के कमी निघाली. पॉलिस्टायरिन म्हणजे काय, हे गृहिणींस वेगळे सांगावयास नको. ज्याच्या मखरांत आपण वर्षानुवर्षे गणपती बसविले, ते थर्मोकोल त्याच पदार्थाचे. महाराष्ट्रात २०१८ साली त्यावर बंदी आली; तत्पूर्वी मोडून पाण्यात गेलेल्या मखरांचे कण मात्र कोणत्याही बंदीने परत येणार नाहीत.

विषही अगदीच नाही असे नव्हे. प्लास्टिकचा कण पाण्यातील तैलयुक्त विषारी द्रव्ये स्वतःकडे ओढून घेतो. जपानच्या किनाऱ्यालगत केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी काही द्रव्ये कणांवर भोवतालच्या पाण्याहून एक लाख ते दहा लाख पट दाटलेली दिसली. आणि ज्याच्या पाठीवर मंदराचल पेलला गेला, त्या कूर्माची गोष्ट तर याहून करुण आहे. पाण्यात राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ व जंतूंचा थर चढला की त्यास अन्नासारखा वास येतो आणि समुद्री कासवे त्या वासास अन्नाच्या वासाइतकाच प्रतिसाद देतात, असे २०२० साली दाखविण्यात आले. कासव मूर्खपणाने पिशवी गिळते असे आपण समजत होतो. त्याचे नाक त्याला फसविते.

येथे एक सावधगिरीची सूचना दिल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. २०१६ साली स्वीडनमधून असा एक निबंध प्रसिद्ध झाला की माशांची पिल्ले नैसर्गिक अन्न टाकून प्लास्टिकच पसंत करतात. जगभर त्याचा गाजावाजा झाला. पुढल्याच वर्षी तो निबंध मागे घ्यावा लागला आणि चौकशीत संशोधकांवर गैरवर्तनाचा ठपका आला. शिवाय प्रयोगशाळेतील कणांचे प्रमाण खुल्या समुद्रातल्यापेक्षा बहुधा जास्त असते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तेव्हा दर माशागणिक भिण्याचे कारण नाही. पण एक खोटा निबंध पकडला गेला म्हणून इतर शेकडो खरे ठरलेले निबंध खोटे होत नाहीत. उलट या विद्येत चोर पकडला जातो, एवढा विश्वास त्यावरून बसावा.

हे सारे परदेशचे, असे कोणी म्हणेल. मुंबईच्या जुहू, वर्सोवा, आक्सा व दादर या चार किनाऱ्यांची पाहणी केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या संशोधकांनी केली, तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. दर चौरस मीटर वाळूत सरासरी ६८ हून अधिक प्लास्टिकचे तुकडे मिळाले आणि त्यांपैकी सुमारे ४२ टक्के १ ते ५ मिलिमीटर एवढेच होते. गोव्यातील साळ नदीच्या मुखाशी पाणी, गाळ, मासे व शिंपले या सर्वांत सूक्ष्मप्लास्टिक सापडल्याचे २०२१ साली नोंदले गेले. त्यांत तंतूंचे प्रमाण अधिक होते. माशाचे पोट काढून टाकता येते. तिसऱ्या, कालवे आणि जवळा मात्र आपण आख्खेच खातो. मांसमत्स्य वर्ज्य असलेल्या घरांनीही निश्चिंत राहू नये. मुंबईच्या आयआयटीतील अभ्यासकांनी २०१८ साली आपल्याकडील समुद्री मीठ तपासले, तेव्हा किलोमागे सरासरी ५६ ते १०३ कण निघाले. नैवेद्याच्या पानावर मीठ वेगळे वाढत नाहीत हे खरे, पण स्वयंपाकात ते पडतेच. त्याच अभ्यासकांनी मिठाचे पाणी साध्या वाळूतून गाळल्यास वजनाने ८५ टक्क्यांहून अधिक प्लास्टिक दूर होते असेही दाखविले आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

वर उल्लेखिलेल्या मुंबईच्या पाहणीतील एक नोंद या पानाच्या वाचकांस बोचेल. किनाऱ्यावर प्लास्टिक वाढण्याच्या कारणांत अभ्यासकांनी सहलींच्या आणि पर्यटनाच्या जोडीला धार्मिक कार्यांचाही निर्देश केला आहे. दरवेळी सणांवरच बोट का, ही श्रद्धाळू मनाची तक्रार आम्ही जाणतो, आणि ती निराधार नाही. फाटून समुद्रातच राहिलेली जाळी, शहरांचे नाले, कारखान्यांतील प्लास्टिकचे दाणे यांचा वाटा कोणत्याही उत्सवाने संपत नाही. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ एक मालवाहू जहाज बुडाले आणि असे दाणे किनारी गावांतून मुठीमुठीने वेचावे लागले; तेथे कोणता सण होता? रोजचे धुणेसुद्धा यातून सुटत नाही. सहा किलो अ‍ॅक्रिलिकच्या कपड्यांच्या एका धुण्यात सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात, असा एका इंग्लिश प्रयोगाचा २०१६ मधील हिशेब आहे. आमच्या आज्या रेशमाचे किंवा धूतवस्त्राचे सोवळे नेसत. आज रेशमाच्या नावाने दुकानात मिळणारे सोवळे पुष्कळदा पॉलिएस्टरचे असते, आणि ते पिळून टाकलेले पाणी त्याच नाल्याने त्याच समुद्रास मिळते.

पण दुसऱ्याचा वाटा मोठा म्हणून आपला वाटा धर्म्य ठरत नाही. आमचा मुद्दा नगरपालिकेच्या नियमांचा नाही, विधीचा आहे. पार्थिव मूर्तीचे विसर्जन करावयाचे ते माती मातीस मिळावी म्हणून. अर्घ्याचे जल जळात मिसळते, फुले कुजतात, समुद्रास दिलेला नारळ फुटतो, कुजतो, नाहीतर एखाद्या किनाऱ्यावर रुजतो. जे विरत नाही त्याचे विसर्जन होतच नाही. ते केवळ दृष्टीआड करणे होय. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पुलावरून फेकलेले निर्माल्य देवास पोचत नाही आणि नदीसही नाही. राखीचीच गोष्ट घ्या. सुताचा वा रेशमाचा धागा हे तिचे मूळ रूप. त्यावर प्लास्टिकचे मणी आणि चमकी आली, आणि पुढे ती सोडून पाण्यात टाकण्याची रीत बऱ्याच घरांत तशीच राहिली. ती चमकी म्हणजे जन्मतःच सूक्ष्मप्लास्टिक. तिला झिजून लहान व्हावयाचीही गरज नाही.

यंदाच्या राख्या बांधून झाल्या असतील. त्या सोडाल तेव्हा मणी व चमकीची राखी पाण्यात न टाकता घरीच ठेवावी, साधा धागा असेल तर तुळशीच्या मुळाशी घालावा. आणि सायंकाळी जे दर्याकाठी जातील त्यांनी नारळावरचे सोनेरी वेष्टन कागदाचे आहे की प्लास्टिकचे, हे घरीच चिमटीत धरून फाडून पाहावे. प्लास्टिकचे निघाल्यास ते उतरवून ठेवावे आणि नारळास हळदकुंकू लावून तसाच न्यावा.