दादाची फियाट आणि 'मूळ स्वरूप'



आमच्या माहेरी सध्या दोन तट पडले आहेत. कारण जमीनजुमला नाही, एक गाडी!

माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, १९७१ साली फियाट ११०० घेतली. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचा तो काळ. दादा गेल्यावर ती पुण्यात शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. तीन वर्षांपूर्वी पुतण्याने ती बाहेर काढली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले, स्प्रिंगा कडक करून गाडी खाली घेतली, दोन कार्ब्युरेटर लावले, मागची सीट काढून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केला. आता वर्षातून एकदा तो ती ट्रकवर चढवतो आणि बाराशे किलोमीटरवर, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर 'ट्रॅक डे'साठी नेतो.

निम्मं घर म्हणतं, दादाच्या आठवणीची विटंबना केली. धाकट्या बहिणीचे यजमान कायदा दाखवतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेतला खास नंबर मिळतो, पण ती मूळ स्वरूपात हवी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. आमची फियाट नेमकी त्याच वर्षी पन्नाशीची झाली होती. पिंजरा वेल्ड केला आणि तो मान गेला. शिवाय उत्पादकाने ठरवलेल्या स्वरूपाबाहेरचे बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे ही गाडी ना व्हिंटेज, ना रस्त्याची. त्रिशंकूच म्हणा ना!

तरीही माझं मत पुतण्याच्या बाजूने आहे. कारणं सांगते.

पहिलं कारण ब्रेकचं. दादाच्या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. गावातल्या वेगाला ते पुरत. पण वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक दाबल्यावर तिची उष्णता होते. ड्रम तापला की फुगतो, आतल्या शूपासून लांब जातो, पायाखालचं पॅडल खाली खाली जायला लागतं. डिस्क उघडी असते, तिला वारा लागतो. त्या ट्रॅकवर पावणेचार किलोमीटरच्या फेरीत बारा वळणं आहेत. तिथे 'मूळ स्वरूप' जपण्याचा हट्ट म्हणजे आत बसलेल्या पोराच्या जिवाशी खेळ. पिंजऱ्याचंही तेच. गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये म्हणून तो आहे.

दुसरं कारण इतिहासाचं. फियाट म्हणजे फक्त टॅक्सी आणि लग्नाची वरात, असा आपला समज. पण मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी होती. तिथे पूर्वी शर्यती होत आणि त्यांत फियाटही पळत. गॅरेजवाले मिस्त्री इंजिन खोलून, घासूनपुसून तिच्यातून जास्तीचा वेग काढत. १९९० साली इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुरू झाला आणि ते सगळं तिकडे गेलं. म्हणजे फेरफार केलेली फियाट हीसुद्धा एक परंपराच की!

तिसरं कारण मला शिक्षिका म्हणून सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ट्रॅक डे ही शर्यत नसते. नंबर नाही, बक्षीस नाही. सकाळी सगळ्यांना बसवून नियम सांगतात, गाडी आणि हेल्मेट तपासतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, निळा म्हणजे मागच्याला वाट दे, लाल म्हणजे हळू परत ये. ओव्हरटेक ठरलेल्या जागीच, आणि तेही पुढच्याने हाताने खूण केल्यावर. शेवटची फेरी सावकाश, ब्रेक निवावेत म्हणून. पुतण्या हे सांगत होता तेव्हा मला वाटलं, हा तर वर्ग आहे! २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, हा सरकारी आकडा आहे. वेगाची हौस तरुणांना असतेच, ती रागावून जात नाही. ती घाटात, दुसऱ्यांच्या लेकराबाळांमध्ये फेडण्यापेक्षा, कुणी समोरून येत नाही अशा जागी फेडलेली काय वाईट?

आता पुतण्यालाही दोन शब्द. ट्रकचं भाडं, टायर, ब्रेक पॅड यांवर जातो तो पैसा हौसेचा आहे, घरखर्चाचा नाही, हे पक्कं ठेव. नेहमीचा गाडीचा विमा ट्रॅकवर बहुधा चालत नाही, म्हणजे मोडतोड पदरची. आणि ट्रकवरून उतरवलेली गाडी 'जरा कोपऱ्यापर्यंत' म्हणूनसुद्धा रस्त्यावर काढायची नाही. ज्या दिवशी काढशील, त्या दिवशी तुझी आत्या पलीकडच्या तटात गेलेली दिसेल.

विटंबनेबद्दल एवढंच म्हणेन, की देव्हाऱ्यातल्या वस्तूला हात लावला तर विटंबना. गाडी देव्हाऱ्यात नव्हती, ताडपत्रीखाली होती आणि उंदीर तिची वायर खात होते. मान राखायचा तर तेव्हा राखायला हवा होता, आणि तेव्हा कुणी आलं नाही.

आणि ज्यांचा पहिला हक्क, त्या आमच्या वहिनीचं मत कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं. ती म्हणाली, "आवाज बदललाय, पण चालू तर आहे. बंद गाडीकडे बघून मला जास्त त्रास व्हायचा."

यावर माहेरच्या मंडळींना काही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. पण आधी वहिनीला फोन करा.