सुरू होत नाही तेच बरं!

परवा रात्री वीज गेली, यूपीएसने दोन मिनिटांत मान टाकली आणि सकाळी घरचं लिनक्स मशीन उठलं ते रेडशिवाय. चार डिस्कांचं रेड-५. त्यावर आजीच्या ओव्यांचं अकरा तासांचं रेकॉर्डिंग. आजी आता नाही, आणि दुसरी प्रत काढायचं 'पुढच्या रविवारी' ठरलेलं होतं. (हो, माहीत आहे. शिव्या घाला.)

एमडीस्टॅट म्हणे 'इनअॅक्टिव्ह'. एका जाणकार मित्राला फोन केला. त्याने चहा पिता पिता सांगितलं, "अरे, क्रिएट मार, अझ्यूम-क्लीन लाव, येतं परत."

माझं भांडण आहे ते या सल्ल्याशी. क्रिएट म्हणजे दुरुस्ती नव्हे, नवा संसार! ते डिस्कांवरची जुनी नोंद, म्हणजे सुपरब्लॉक, पुसून नवी लिहितं. डिस्कांचा क्रम चुकला, चंक साइज चुकली, की डेटाची खिचडी. त्यात २०१०च्या सुमारास एमडीएडीएमची डिफॉल्टंच बदलली: सुपरब्लॉक ०.९० चा १.२ झाला, चंक ६४ केबीचा ५१२ झाला. जुनं अॅरे असेल तर नुसतं क्रिएट हमखास चुकणार. आणि अझ्यूम-क्लीन विसरलात तर ते लगेच एक डिस्क नव्याने लिहायला बसतं. मग ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.

आधी वाचावं ना! 'एक्झामिन' काही लिहीत नाही, फक्त दाखवतं. प्रत्येक डिस्कचा इव्हेंट्सचा आकडा पाहिला. दोन डिस्का बरोबरीच्या, तिसरी सहाने मागे, आणि चौथी हजारोंनी मागे. म्हणजे चौथी कित्येक महिन्यांपूर्वीच बाहेर पडली होती आणि मी बिनधास्त तिघींवर गाडा ओढत होतो. मॉनिटरने मेल पाठवली होती, पण रूटच्या नावाने. रूटची मेल घरात वाचतो कोण?

आता सांगा, लिनक्सने काय चूक केलं? दोनच डिस्का एकमताच्या, चारांच्या रेड-५ला किमान तीन लागतात. ते अडून बसलं, 'तू ठरव' म्हणालं. याला लोक 'लिनक्सचा त्रास' म्हणतात. मला तर अशी अडून बसणारी माणसं ऑफिसात हवीत.

पुढचं थोडक्यात. स्मार्टचे आकडे पाहिले, केबल बदलली, अर्धवट उभं राहिलेलं अॅरे थांबवलं, चौथीला बाजूला ठेवून तिघींवर 'असेंबल फोर्स' दिलं. फक्त वाचण्यापुरतं माउंट करून सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. शेवटच्या रात्रीच्या दोन फाइली गेल्या. ओव्या आहेत.

मित्राला कळवलं. तो म्हणाला, "माझ्याकडे क्रिएटनेच चाललं होतं."

चाललं असेल.