मुंग्यांचं वार्षिक कंत्राट

मुंग्यांसाठी घरात फवारा मारून घेणं म्हणजे पैसे देऊन मुंग्यांची जागा बदलणं. परळीत आता दुकानांपासून राहत्या घरांपर्यंत पेस्ट कंट्रोलचे वार्षिक करार होतात, आमच्याही घराचा आहे, आणि या करारांशी माझं भांडण आहे.

करारात वर्षाच्या फेऱ्या मोजून लिहिलेल्या असतात. मुंग्या जातील असं मात्र कुठे लिहिलेलं नसतं. (आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असले करार असतात. किती तास बसलो त्याचे पैसे, काम झालं का ते विचारायचं नाही.)

ओट्यावर दिसते ती मुंगी म्हणजे अन्न शोधायला निघालेल्या थोड्यांपैकी एक. राणी, अंडी, अळ्या भिंतीत नाहीतर फरशीखाली. सायपरमेथ्रिनसारख्या औषधाचा फवारा बसला की समोरच्या मुंग्या मरतात, उरलेल्या त्या पट्ट्याला वळसा घालतात. राणीला काही कळतसुद्धा नाही. बारीक पिवळसर फॅरो मुंगीचं तर आणखी अवघड. तिच्या वसाहतीत राण्या अनेक, आणि धोका जाणवला की वसाहत फुटून दोन-चार ठिकाणी बसते. या मुंग्या रुग्णालयांत रोगजंतू वाहून नेतात, हे १९७२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेलं आहे. निदान दवाखान्यांनी तरी फवाऱ्याचा नाद सोडावा.

खरा उपाय उलटा आहे. मुंगीला लगेच मरू द्यायचं नाही. पोटात साठवलेलं पातळ खाणं मुंग्या एकमेकींना तोंडाने भरवतात. साखरेच्या पाण्यात एक टक्क्याच्या आसपास बोरिक ॲसिड असेल तर ते तसंच राणीपर्यंत जातं. जास्त घातलं तर मुंगी वाटेतच मरते आणि सगळं फुकट. गोडाला तोंड लावत नसतील तर तेलकट आमिष ठेवायचं, पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी, आणि दोन-तीन आठवडे दम धरायचा. ओळ दिसते तोवर ती पुसायचीही नाही. हे गिऱ्हाइकाला पटवणं कठीण, कारण त्याला आज मेलेल्या मुंग्या बघायच्या असतात आणि औषधाचा वास यायला हवा असतो. वास आला की पैसे वसूल.

आता प्रतिबंध. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. दरवर्षी जोत्याच्या कडेची पट्टी सुटते, स्कर्टिंगमागे फट पडते, आणि पाऊस झाला की पाण्यात बुडालेल्या वारुळातल्या मुंग्या तिथूनच आत येतात. या फटी बुजवणं, सिंकखालची गळती काढणं हे अर्ध्या दिवसाचं काम. करारात त्याला एक ओळ नाही.

ओळ आहे ती ‘मुंग्या व वाळवी’ अशी. वाळवी मुंगी नव्हेच, ती झुरळाच्या कुळातली. उलट मुंग्या वाळवीच्या मोठ्या शत्रू. तरी अंगणातली वारुळंसुद्धा पंपाने भिजवून जातात! आजी तिथे मुंग्यांना पीठ-साखर घालते. शास्त्र नसेल, पण तिच्या मुंग्या अंगणातच राहतात.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती फवारणाऱ्या मुलाकडे बघून. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नियमांप्रमाणे या धंद्याला परवाना लागतो, त्यासाठी कृषी किंवा रसायनशास्त्राची पदवी आणि प्रशिक्षण लागतं. ते सगळं ऑफिसच्या भिंतीवर फ्रेममध्ये. घरी येतो तो पोरगा तोंडाला रुमाल बांधून, हातात मोजे नाहीत. कोणतं औषध, विचारलं तर म्हणाला, “मुंग्यांचं.” हा कापसाचा मुलूख. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण इथल्या शेतकऱ्याला ओळखता येतो. २०१७ साली यवतमाळात कापूस फवारताना विषबाधेने माणसं गेली, ती बातमी सगळ्यांनी वाचली. आणि तेच लोक रांगतं मूल असलेल्या फरशीवर काय मारलं हे विचारत नाहीत.

यंदा नूतनीकरणाच्या वेळी मी तीन गोष्टी लिहून मागितल्या. बिलावर औषधाचं नाव आणि प्रमाण, मुलाला मोजे आणि मास्क, आणि फवाऱ्याऐवजी आमिष व फटी बुजवणं. फोनवरच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “असं पॅकेज नाही आपल्याकडे. एक फेरी जास्त देऊ का?”