कोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पण घामाचा पगार बुडाल्यावर गप्प बसणं जास्त महागात पडतं.

कतरिना वादळानंतर सिग्नल इंटरनॅशनल कंपनीने सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर मिसिसिपी आणि टेक्सासमध्ये कामाला आणले. ग्रीन कार्डाच्या आमिषाने त्यांच्याकडून हजारो डॉलर उकळले गेले. हातात पडला तात्पुरता एच-२बी व्हिसा. वर कोंदट छावणीचं भाडं महिन्याला १,०५० डॉलर! २००८ साली ते कोर्टात गेले. सात वर्षं लागली, पण २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पाच जणांना १ कोटी ४१ लाख डॉलर द्यायला सांगितले.

मात्र मुदत पाळा. बुडालेल्या पगाराचा दावा केंद्रीय कायद्याने २ वर्षांत करावा लागतो. मालकाने जाणूनबुजून बुडवला असेल तर ३ वर्षांत. राज्याच्या कायद्याने कॅलिफोर्नियात ३, न्यूयॉर्कमध्ये ६ वर्षं मिळतात. व्हिसा संपला म्हणून केलेल्या कामाचा पगार बुडत नाही.

तेव्हा कामाचे तास रोज वहीत लिहा, पगाराच्या पावत्या जपा आणि पासपोर्ट स्वतःकडेच ठेवा. उद्या कोर्टात तुमच्या बाजूने हीच वही बोलेल.