मोडीत निघालेला संगणक

तांब्यापितळेचे भांडे चेपले, फुटले, म्हणजे ते मोडीत घालावयाचे, ही मराठी घरांतील जुनी रीत. कासार भांडे तराजूत टाकी, मोडीची किंमत नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करी आणि त्याच धातूचे पुढे दुसरे भांडे घडे. मोडीत गेलेल्या घागरीबरोबर घरातील गुपिते मात्र जात नसत.

सुरू न होणाऱ्या संगणकालाही लोक हीच रीत लावतात. कळ दाबली, पडदा काळाच राहिला, की 'हा आता मेला' असे घरची मंडळी ठरवून टाकतात. वर्ष-दोन वर्षे तो माळ्यावर धूळ खातो आणि दिवाळीच्या झाडलोटीत भंगारवाल्याची हाक कानी आली, की वजनावर विकला जातो. अडगळ गेली, वर चार पैसेही मिळाले, याचे सर्वांना समाधान वाटते. ते समाधान खोटे आहे.

मुळात संगणक पुरता मेलेला नसतो. पुष्कळदा त्याचा वीजपुरवठ्याचा भाग तेवढा जळालेला असतो. हार्ड डिस्क, म्हणजे त्याचे स्मरणाचे भांडार, शाबूत असते. वडिलांचे बँकेचे कागद, ताईचे प्रमाणपत्र, आजोबांची छायाचित्रे हे सारे तेथेच असते. यंत्र सुरू होत नाही म्हणून मालकाला ते पुसता येत नाही. परंतु डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडणाऱ्याला ते वाचता येते. नुसते पुसूनही भागत नाही. फाइल पुसणे म्हणजे बहुधा पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणे होय. आतील पाने तशीच राहतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या दोन विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्का विकत घेतल्या. २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार त्यांतील १२९ चालू स्थितीत होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२! बाकीच्यांत लोकांची पत्रे होती, क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांकही होते.

म्हणून संगणक घराबाहेर जाण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून डिस्क काढून घ्यावी, हवे ते उतरवून घ्यावे आणि उरलेले योग्य त्या आज्ञावलीने समूळ पुसावे. हातोडा घेऊन ती फोडण्याचा उत्साह मुलांना येणे स्वाभाविक आहे. परंतु काही डिस्कांतील तबकड्या काचेच्या असतात आणि त्यांचे तुकडे डोळ्यांत उडतात. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी तर मुलांनी हातातही घेऊ नये. टोचली गेल्यास ती पेट घेते.

गुपितांची काळजी घेणारा सुज्ञ गृहस्थही दुसरी गोष्ट विसरतो. भंगारात गेलेला संगणक पुढे जातो कोठे? दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांत असली यंत्रे हातांनी फोडली जातात. तांब्यासाठी तारा जाळतात, सोन्याच्या कणांसाठी मदरबोर्ड तेजाबात बुडवितात. जुन्या यंत्रांच्या जोडांत शिसे असते; ते धुरात, धुळीत, अखेर माणसांच्या रक्तात उतरते. चीनमधील ग्वीयू हे गाव या धंद्यासाठी जगभर प्रसिद्ध झाले होते. तेथील सहा वर्षांपर्यंतच्या १६५ मुलांचे रक्त तपासले, तेव्हा १३५ मुलांत त्या काळी मानलेल्या मर्यादेहून अधिक शिसे आढळले. ही पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. भंगाराचे ते चार पैसे कोणाच्या पदरचे, हे यावरून कळावे.

यात भंगारवाल्यावर रागावण्याचे कारण नाही. तो उन्हातान्हात फिरून पोट भरतो आणि शहराची कितीतरी अडगळ वाटेस लावतो. दोष आहे तो यंत्र विकत घेताना दहा दुकाने पालथी घालणाऱ्या आणि टाकताना दारातूनच ते देऊन मोकळे होणाऱ्या मालकाचा.

वास्तविक वाट मोकळी आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी जुन्या यंत्रांची जबाबदारी ती बनविणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या कारखान्यांत यंत्रातील धातू निराळे काढता येतात. तेथे पैसे कमी मिळतील, कदाचित मिळणारही नाहीत. तरी तेथेच द्यावे. टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांची सुमारे ५,००० पदके जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या दूरध्वनी-संगणकांतूनच घडली. त्यांतून ३२ किलो सोने निघाले होते. कासाराच्या मोडीचाच हा प्रकार, फक्त नीट केलेला.

लहान गावांत असे संकलन केंद्र जवळ नसते, ही अडचण खरी आहे. एका संगणकासाठी कोणी गाडी पाठविणार नाही. तेथे शाळेने पुढाकार घ्यावा, घरोघरची बंद यंत्रे एकत्र नोंदवावी आणि नोंदणीकृत कारखान्यास एकदाच बोलवावे. पावती मात्र मागून घ्यावी. तोवर डिस्क काढलेला सांगाडा पावसाचे पाणी लागणार नाही अशा कोरड्या जागी खुशाल पडून राहू द्यावा.