गट आहेत, सहकार्य कुठे?

अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा सुरू झाली की एक दृश्य हमखास दिसते. चार विद्यार्थ्यांचा गट परीक्षकांसमोर उभा राहतो, एकजण बोलतो आणि उरलेले तिघे माना डोलावतात. अहवाल एकच, मॉडेल एकच आणि गुणही चौघांना जवळपास सारखेच. ज्याने रात्री जागून काम उभे केले त्याच्या मनात कडवटपणा राहतो. ज्यांनी काहीच केले नाही त्यांच्या हाती पदवी पडते. पण ज्या कौशल्यासाठी हा प्रकल्प अभ्यासक्रमात घातला, ते कोणालाच मिळत नाही. पूल असो, सॉफ्टवेअर असो वा कारखान्यातील उत्पादनवाहिनी, यांपैकी कोणतीही गोष्ट आज एकटा अभियंता उभी करीत नाही. त्यामुळे 'संघभावना' हा शब्द शैक्षणिक धोरणाच्या प्रत्येक कागदावर आढळतो. ती शिकवायची कशी, या प्रश्नाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

कागदावरची तयारी पाहिली तर भारत मागे नाही. अमेरिकेतील अभियांत्रिकी शिक्षणाला मान्यता देणाऱ्या 'अबेट' या संस्थेने १९९६ मध्ये नवे निकष स्वीकारले आणि बहुशाखीय संघात काम करण्याची क्षमता ही पदवीधराची आवश्यक पात्रता ठरवली. पुढे भारताच्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाला म्हणजे एनबीएला २०१४ मध्ये 'वॉशिंग्टन करारा'चे कायम सदस्यत्व मिळाले. मंडळाच्या तेव्हाच्या बारा फलितांच्या यादीत 'वैयक्तिक आणि सांघिक काम' हे नववे फलित होते आणि सुधारित यादीतही ते कायम आहे. म्हणजे मान्यता हवी असलेल्या प्रत्येक महाविद्यालयाला आपला विद्यार्थी संघात काम करू शकतो, हे दाखवावे लागते. व्यवहारात ही पूर्तता बहुधा तक्त्यातील आकडे भरून होते. वर्गाचे हजेरीपटाप्रमाणे चार-चारांचे गट पाडले, की सांघिक काम झाले असे गृहीत धरले जाते.

दोरखंडाचा धडा

हे गृहीत चुकीचे आहे, हे दाखवणारा प्रयोग एका अभियंत्यानेच केला होता, हा योगायोग लक्षणीय आहे. फ्रान्समधील कृषी अभियंता माक्स रिंगेलमान याने माणसांना दोर ओढायला लावून एकट्याची आणि समूहाची ताकद मोजली. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार समूह जसजसा वाढतो तसतसा प्रत्येकाचा वाटा घटतो. आठजण मिळून दोर ओढतात, तेव्हा प्रत्येकाची ताकद एकट्याने ओढताना लागणाऱ्या ताकदीच्या निम्म्यावर येते. याचे एक कारण म्हणजे सर्वांचा जोर एकाच क्षणी लागत नाही. दुसरे कारण पुढील संशोधकांनी शोधले, ते असे की आपला वाटा वेगळा मोजला जाणार नाही हे कळले की माणूस हात आखडता घेतो. चार विद्यार्थ्यांना एक प्रकल्प आणि एकच गुण देणारी पद्धत या प्रवृत्तीला जणू आमंत्रणच देते.

मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या बंधूंनी आणि अभियांत्रिकीचे प्राध्यापक कार्ल स्मिथ यांनी 'सहकारी अध्ययन' म्हणून जी पद्धत मांडली, तिचे वेगळेपण येथेच आहे. नुसता गट आणि सहकारी गट यांत त्यांनी पाच गोष्टींचा फरक सांगितला. एकाच्या यशाशिवाय दुसऱ्याचे यश शक्य नाही अशी कामाची रचना. प्रत्येकाचे स्वतंत्र उत्तरदायित्व. समोरासमोर बसून एकमेकांना समजावणे. मतभेद सोडवणे, ऐकून घेणे यांसारख्या कौशल्यांचे प्रत्यक्ष शिक्षण. आणि आपला गट कसा चालला आहे याचा गटानेच ठरावीक काळाने घेतलेला आढावा. यांतील पहिल्या दोन अटी एकमेकींना तोलून धरतात. परस्परावलंबन असून उत्तरदायित्व नसेल तर काहीजण फुकटचा लाभ घेतात. उत्तरदायित्व असून परस्परावलंबन नसेल तर चार वेगवेगळी कामे शेवटी एका अहवालात शिवली जातात.

महाराष्ट्राला हे तत्त्व नवे वाटू नये. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो केवळ सदिच्छेवर नव्हे. सभासदाने भागभांडवल द्यायचे आणि आपला ऊस कारखान्याला घालायचा, हे बंधन त्या सहकाराच्या मुळाशी होते. ऊस नसेल तर गाळप नाही आणि गाळप नसेल तर उसाला भाव नाही. जेथे ही साखळी सैल झाली तेथे सहकार नावापुरता उरला, हेही राज्याने पाहिले आहे.

वर्गात हे कसे घडते?

स्थापत्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाचे उदाहरण घेता येईल. लहान इमारतीच्या आराखड्याचे काम चौघांना दिले. एकाने भारांची गणना करायची, दुसऱ्याने तुळया आणि स्तंभ, तिसऱ्याने पाया, चौथ्याने अंदाजपत्रक. भार चुकला तर पुढचे सारे चुकते, म्हणून परस्परावलंबन कामातच आहे. पण तोंडी परीक्षेत पायाचा प्रश्न पाया करणाऱ्याला न विचारता, चिठ्ठी टाकून ज्याचे नाव निघेल त्याला विचारायचा आणि त्याच्या उत्तरावर गटाचे काही गुण ठरवायचे. एवढा एक बदल केला की आदल्या दिवशी चौघे एकत्र बसून एकमेकांना समजावू लागतात. शिकवणाऱ्याचे आकलन पक्के होते आणि वर्गात शंका विचारायला कचरणारा विद्यार्थी मित्राला ती मोकळेपणाने विचारतो. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी व्याख्यानांत हरवलेल्या मुलांसाठी ही दुसरी बाब फार मोलाची आहे.

नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातील रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड फेल्डर यांनी १९९० पासून एकाच तुकडीला सलग पाच विषय या पद्धतीने शिकवले. त्यांच्या अनुभवातून आलेले नियम अगदी व्यावहारिक आहेत. गट शिक्षकाने पाडावेत, कारण मित्रांचे गट स्वतः पाडू दिले की हुशार हुशारांना शोधतात आणि दुबळे मागे उरतात. गट तीन-चारजणांचाच असावा. सुरुवातीच्या वर्षांत तीन मुलांच्या गटात एकच मुलगी टाकू नये, कारण अशा गटात तिचे म्हणणे बाजूला पडते. मुलीचे अक्षर चांगले म्हणून तिच्याकडे अहवाल आणि मुलांकडे यंत्र, ही वाटणी आपल्या प्रयोगशाळांतही अपरिचित नाही. वारंवार समजावूनही काम न करणाऱ्या सभासदाला लेखी इशाऱ्यानंतर गटाबाहेर काढण्याचा अधिकार गटाला असावा, हाही त्यांतील एक नियम.

गुणांच्या प्रश्नाला ऑस्ट्रेलियातील रॉबर्ट ब्राऊन यांनी १९९५ मध्ये सोपे उत्तर दिले. प्रत्येक सभासदाने स्वतःसह सर्वांच्या सहभागाची श्रेणी गुप्तपणे लिहून द्यायची. हुशारी पाहायची नाही, कामातील वाटा पाहायचा. गटाला ८० गुण मिळाले, गटाची सरासरी श्रेणी ७५ आणि एखाद्याची ६० असेल, तर त्याला गटाच्या गुणांच्या चार-पंचमांश म्हणजे ६४ गुण मिळतात. यासाठी एक कागद आणि साधा भागाकार पुरतो.

परिणामांबाबतचा पुरावाही भक्कम आहे. विज्ञान, गणित, अभियांत्रिकी व तंत्रज्ञानाच्या पदवी शिक्षणातील ३९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. लहान गटांत शिकणाऱ्यांचे गुण, विषयाविषयीची ओढ आणि शिक्षण अर्धवट न सोडण्याचे प्रमाण अशा तिन्ही बाबींत फरक अनुकूल दिसला. मुंबईत पवईच्या आयआयटीत संगणक प्रोग्रॅमिंगच्या मोठ्या वर्गात आधी एकट्याने विचार, मग जोडीत चर्चा आणि शेवटी संपूर्ण वर्गात मांडणी अशी रीत वापरली गेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दहा आठवड्यांच्या निरीक्षणात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. वर्ग मोठा आहे, ही सबब त्यामुळे तितकीशी टिकत नाही.

अडचण कोठे आहे?

तरीही अडचणी खऱ्या आहेत. संलग्न महाविद्यालयात प्रश्नपत्रिका विद्यापीठ काढते आणि अंतर्गत गुणांचा मोजका वाटाच शिक्षकाच्या हाती असतो. अभ्यासक्रम 'संपवण्याचे' दडपण असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषाप्रमाणे वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. पण रिक्त पदांमुळे आणि तासिका तत्त्वावरील नेमणुकांमुळे अनेक ठिकाणी ते कागदावरच राहते. सत्रापुरता नेमलेला शिक्षक गटांतील भांडणे सोडवत बसेल, ही अपेक्षा अवास्तव आहे. पालकांचा आक्षेपही समजण्यासारखा आहे: दुसऱ्याच्या आळसापायी आपल्या मुलाचे गुण का जावेत? त्यावर उत्तर एवढेच, की आजची पद्धत नेमके तेच करते आणि वैयक्तिक उत्तरदायित्व हा त्यावरचा उपाय आहे.

बाहा किंवा २०१७ पासून होणारी स्मार्ट इंडिया हॅकेथॉन यांसारख्या स्पर्धांत विद्यार्थ्यांचे संघ उत्तम काम करतात, असा दाखला दिला जातो. तो खरा आहे. तेथे गाडी धावली तर सर्वांची धावते आणि वेल्डिंग तुटले तर कोणाचे तुटले हे लपत नाही. म्हणजेच पहिल्या दोन्ही अटी आपोआप पुऱ्या होतात. पण ही संधी उत्साही मोजक्यांना मिळते. ज्यांना संघात काम करण्याचे शिक्षण सर्वाधिक हवे, ते या स्पर्धांकडे फिरकत नाहीत.

म्हणून सुरुवात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पापासून न करता दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांपासून व्हायला हवी. शिक्षकांनी पाडलेले गट, चिठ्ठीने ठरणारी तोंडी परीक्षा आणि सहभागाची गुप्त श्रेणी या तीन गोष्टींना नवी इमारत लागत नाही की नवे यंत्र. विद्यापीठांनी अंतर्गत गुणांच्या नियमांत सहभागावर आधारित फरकाला स्पष्ट जागा द्यावी आणि स्वायत्त महाविद्यालयांनी तर परवानगीची वाटही पाहू नये. सांगली जिल्ह्यातील राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून अभियांत्रिकी शिक्षणावरील संशोधनाला वाहिलेले नियतकालिक निघते. म्हणजे या विषयाचा विचार करणारी माणसे राज्यात आहेत. त्यांचे काम शोधनिबंधांतून प्रयोगशाळेच्या वेळापत्रकात आणणे, हे आता संस्थाचालक आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांच्या हाती आहे.